वाचक विचारतात: लायनफिश मारायचा की नाही?

मागच्या अंकात या सदरात फ्लोरिडाच्या लायनफिशबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. हा मासा तिथला नाही, बाहेरून आलाय, कोरल रीफवरची (म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरची) लहान मासळी खाऊन संपवतोय आणि म्हणून तिथे डायव्हर्स भाला घेऊन त्याला मारायला उतरतात, एवढंच. त्यावर इतके मेल आले की बाकीचे विषय बाजूला ठेवून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

आम्ही टॅम्पाला राहतो. मुलगा कॉलेजात आहे, स्कूबा शिकला आणि आता मित्रांबरोबर लायनफिश मारायला जातो. आमच्या घरात माळ आहे, सासूबाई दरवर्षी वारीला जायच्या, घरात कधी मासा शिजलेला नाही. तो म्हणतो आई मी रीफ वाचवतोय. जीव मारून जीव कसा वाचतो ते मला कळत नाही. त्याला थांबवू का? (एक आई, फ्लोरिडा)

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं कारण बाकी सगळ्यांच्या प्रश्नाच्या तळाशीही हेच आहे. माझं मत आधी सांगते, थांबवू नका. आता का ते सांगते.

हा मासा मूळचा हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि पॅसिफिकच्या पश्चिमेकडचा. अंगावर लाल-तपकिरी आणि पांढरे पट्टे, पंख पिसाऱ्यासारखे पसरलेले, दिसायला इतका देखणा की अमेरिकेत घरोघरच्या माशांच्या टँकसाठी विकला जायचा. अटलांटिकमध्ये तो पहिल्यांदा सापडला १९८५ मध्ये, फ्लोरिडातल्या डेनिया बीचजवळ. तिथपर्यंत पोहत येणं तर शक्यच नाही, त्यामुळे कुणीतरी, किंवा अनेकांनी, घरच्या टँकमधले मासे समुद्रात सोडले असंच अभ्यासक मानतात. पुढची काही वर्षं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं आणि मग २००० पासून जे सुरू झालं ते थांबलंच नाही, नॉर्थ कॅरोलायना, बर्म्युडा, २००४ ला बहामाज, मग दहाएक वर्षांत जवळपास सगळं कॅरिबियन आणि मेक्सिकोचं आखात, आणि २०१४ ला थेट ब्राझील.

एवढा पसरला कसा, तर तिथल्या माशांना तो माहितीच नाही. आपल्याकडच्या समुद्रात लहान मासे लाखो वर्षं त्याच्याबरोबर राहिलेत. तिकडच्या माशांना तो पाण्यात हलणाऱ्या शेवाळाच्या झुपक्यासारखा वाटत असावा. तो दोन्ही बाजूचे पंख पसरून हळूहळू लहान माशाला कोपऱ्यात घेतो, कधीकधी तोंडाने त्याच्यावर पाण्याची फुंकर मारतो, मासा गोंधळून तोंड त्याच्याकडे वळवतो आणि त्याच क्षणी गिळला जातो. पोट रिकाम्यापेक्षा ३० पट ताणतं. बहामाजमध्ये २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, लहान लहान सुट्ट्या रीफवर एक-एक लायनफिश सोडला आणि शेजारच्या तशाच रीफवर सोडला नाही, पाच आठवड्यांनी बघितलं तर जिथे एकटा लायनफिश होता तिथे नव्याने येणाऱ्या लहान माशांची भर ७९ टक्क्यांनी कमी झाली होती. एका माशाने, ताई. आणि त्याची मादी वर्षभर दर दोन-चार दिवसांनी अंडी घालू शकते, वर्षाला २० लाखांच्या घरात.

मग जीवाचा हिशोब कसा करायचा? त्या रीफवर पॅरटफिश असतो, तो दगडांवरचं आणि कोरलवरचं शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे कोरलला वाढायला जागा राहते. त्याची पिल्लं लायनफिशच्या पोटात गेली की शेवाळ वाढतं, कोरल गुदमरतं, आणि कोरलच्या आधाराने राहणारे खेकडे, कोळंब्या, शेकडो जातींचे मासे सगळ्यांचंच घर जातं. मध्य अमेरिकेतल्या बेलिझमध्ये 'रास' (wrasse) जातीचा एक इवलासा मासा आहे, जगात फक्त तिथेच सापडतो, आधीच नष्ट व्हायच्या काठावर, आणि तिथल्या लायनफिशच्या पोटात तपासणी केली तेव्हा जवळपास अर्धं खाणं त्याच माशाचं निघालं. तुमचा मुलगा एक लायनफिश मारतो तेव्हा त्यामागे असे किती जीव आहेत ते मोजता येत नाही, पण ते आहेत.

तरीही तुमच्या मनाला जे लागतं ते मी उडवून लावणार नाही, कारण लायनफिशचा यात काही दोष नाही, तो पोट भरतोय. दोष माणसाचा आहे, माणसाने आणून सोडला, म्हणून निस्तरायची जबाबदारीही माणसाचीच, आणि ती जबाबदारी अंगावर घेणारी मुलं मला फार मोलाची वाटतात. त्याच्याशी दोन गोष्टी नक्की बोला. एक, मासा लगेच मारतो का, की तडफडत ठेवतो. दुसरी, मारलेल्याचं पुढे काय करतो, कुणाच्या पोटात जातो का, अभ्यासाला देतो का, की फोटो काढून टाकून देतो. आणि समजा त्याला स्वतःलाच भाला धरणं नकोसं झालं तर रीफसाठी करण्यासारखं इतर कामही तितकंच गरजेचं आहे. फ्लोरिडातल्या 'की लार्गो' बेटावरची 'रीफ' (REEF) नावाची संस्था १९९३ पासून साध्या डायव्हर्सकडून माशांची मोजणी करून घेते, पाटी-पेन्सिल घेऊन पाण्यात उतरायचं आणि कुठला मासा किती दिसला ते लिहायचं, त्याच नोंदींवरून शास्त्रज्ञांना कळतं कुठे काय बिघडतंय. माळ घातलेल्या घरातला मुलगा हे काम अगदी आनंदाने करू शकतो.

नेत्राणीला डाइव्ह केलं तेव्हा खडकाच्या खाली लायनफिश दिसला, लक्षद्वीपला तर बरेच दिसले. इथेही ते मारायला हवेत ना? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद चाललाय. (मुंबई)

नाही. अजिबात नाही. इथे तो घरचा आहे. इथे त्याला खाणारे आहेत, त्याच्याशी स्पर्धा करणारे आहेत, इथल्या लहान माशांना त्याच्यापासून लांब राहायचं कळतं, आणि म्हणून तो इथे मोजकाच दिसतो. बहामाजमध्ये काही ठिकाणी हेक्टरी ३९० च्या वर लायनफिश मोजले गेलेत, आपल्या बाजूच्या समुद्रात असं चित्र नसतं. शिवाय आपल्याकडे कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे भाला घेऊन उतरायचा विचारही करू नका. फ्लोरिडाचे व्हिडिओ बघून इकडे कुणी तसं करायला लागलं तर ते सरळसरळ नुकसान आहे. ग्रुपमध्ये माझं नाव सांगून भांडलात तरी चालेल.

मी निवृत्त शिक्षक. एवढ्या मोठ्या समुद्रात दहा-वीस डायव्हर्सनी भाल्याने मासे मारून काय होणार? मादी २० लाख अंडी घालते म्हणता, मग हे सगळं हौसेचं खूळ नाही का? (सांगली)

सर, शंका अगदी रास्त आहे आणि तिचं अर्धं उत्तर तुमच्या बाजूने आहे. लायनफिश अटलांटिकमधून पूर्ण संपवणं आता कुणालाच शक्य नाही. डायव्हर साधारण ३०-४० मीटरपर्यंत जातो आणि लायनफिश पाणबुडीतून ३०० मीटरच्या आसपासही दिसलेत. वर कितीही मारले तरी खाली साठा आहे, आणि अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत येतात, म्हणजे फ्लोरिडात साफ केलेल्या रीफवर दुसऱ्या देशातून पिल्लं येऊन बसतात.

पण संपवणं हा हेतूच नाही. शेतात निंदणी करतो तेव्हा तण जगातून नाहीसं होईल म्हणून करत नाही, या पिकाला या हंगामात जागा मिळावी म्हणून करतो, आणि पुढच्या हंगामात परत करतो. बहामाजमध्ये हेच तपासून बघितलं गेलं आणि २०१४ ला निकाल छापून आला. आधी गणिताने प्रत्येक रीफसाठी एक मर्यादा काढली, की याच्या वर लायनफिश असतील तर लहान मासे घटत जातात आणि याच्या खाली आणले तर सावरतात, मग काही रीफवर संख्या त्या मर्यादेखाली आणून ठेवली. ज्या ठिकाणी ७५ ते ९५ टक्के लायनफिश काढले तिथे मूळच्या लहान माशांचं वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं, आणि जिथे काही केलं नाही तिथे घटतच राहिलं. म्हणजे शेवटचा मासा शोधत बसायची गरज नाही, पुरेसे काढले आणि काढत राहिले तर त्या रीफला फरक पडतो. मला या सगळ्या विषयात सगळ्यात आशा देणारी गोष्ट हीच वाटते.

दुसरं उदाहरण बोनेरचं. कॅरिबियनमधलं हे डच बेट, तिथे रीफ जपण्यासाठी भाल्याची मासेमारी १९७० च्या दशकापासूनच बंद होती. २००९ च्या ऑक्टोबरात पहिला लायनफिश सापडला आणि तिथल्या लोकांनी फार वेळ न घालवता फक्त लायनफिशपुरती सूट दिली, खास आखूड भाला, तो परवाना असलेल्या आणि शिकवलेल्या डायव्हरलाच मिळतो. पुढे मोजणी झाली तेव्हा जिथे नियमित मारत होते तिथे लायनफिशचं वजन न मारलेल्या जागांपेक्षा पावणेतीन पटींनी कमी निघालं. आणि शेजारचं कुरासाव बेट, जिथे काम उशिरा सुरू झालं, त्याच्याशी तुलना केली तर चार पटींहून कमी. सर, हे नियमित जाणाऱ्या डायव्हर्सनीच केलं हो.

मोठ्या स्पर्धांचे आकडेही आहेत, फ्लोरिडात डेस्टिनला दरवर्षी एमराल्ड कोस्ट ओपन होते, तिथे २०१९ मध्ये दोन दिवसांत १४,००० हून जास्त लायनफिश वर आले. पण खरं सांगायचं तर मला दोन दिवसांच्या स्पर्धेपेक्षा एकाच रीफवर दर महिन्याला जाणारी चार माणसं जास्त कामाची वाटतात. स्पर्धेने बातमी होते, लोक जोडले जातात, पैसा येतो, ते हवंच आहे. पण रीफ काही महिन्यांत परत भरते, आणि तेव्हा स्पर्धा नसते.

खोल पाण्यातल्यांसाठी सापळ्यांचं काम चालू आहे. अमेरिकेच्या नोआ या सरकारी खात्यातले शास्त्रज्ञ स्टीव्ह गिटिंग्ज यांनी एक सापळा तयार केलाय, तो समुद्राच्या तळावर सपाट उघडून पडतो, मधे एक जाळीची चौकट उभी राहते, लायनफिशला अशा उभ्या वस्तूच्या आडोशाला राहायला आवडतं म्हणून ते तिथे जमतात, आमिष वगैरे काही नाही, आणि दोरी वर ओढली की सापळा मिटतो. बाकीचे मासे त्यात फारसे अडकत नाहीत. तिथपर्यंत भाला पोचत नाही, त्यामुळे पुढची मजल अशाच कशाने तरी मारावी लागेल.

आणि एक गोष्ट निसर्गाची, २०१७ पासून मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागात लायनफिशच्या अंगावर खोल जखमा दिसायला लागल्या, एक रोग आला आणि तिथे संख्या एकदम खाली आली. त्यावर विसंबून राहणं मात्र मला पटत नाही, कारण रोगातून वाचलेले परत वाढतात.

गळाला का नाही लावत? भाला घेऊन पाण्याखाली जायचा एवढा खटाटोप कशाला? (रत्नागिरी)

कारण तो गळाला क्वचितच लागतो. त्याला हलणारं जिवंत भक्ष्य लागतं. जाळं रीफवर टाकलं तर कोरल मोडतं आणि जे वाचवायचं तेच मासे अडकतात. भाल्याचा फायदा हा की माणूस आधी बघतो, ओळखतो आणि मग एकाच माशाला मारतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. आणि लायनफिशला आपल्या विषारी काट्यांवर इतका भरवसा असतो की तो पळतही नाही.

मी ह्यूस्टनला असते, स्कूबाचं ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे. पुढच्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजला जाणार आहोत, लायनफिश मारायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू? (टेक्सास)

छान वाटलं वाचून. आधी भाला बाजूला ठेव आणि पाण्यात स्थिर राहायला शिक. हे मी उगाच म्हणत नाहीये, रीफवर सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तोल न सांभाळता येणाऱ्या डायव्हरच्या फिन्सनी, एक लायनफिश मारताना चाळीस वर्षं वाढलेलं कोरल मोडलं तर काय मिळवलं? तळापासून हातभर वर, काहीही न धरता, डोकं खाली करून कपारीत बघता आलं पाहिजे. ते जमलं की पुढचं.

हत्यार म्हणजे पोल स्पिअर, एक आखूड काठी, पुढे तीन किंवा जास्त टोकं, मागे रबराचं कडं. रबर अंगठ्यात अडकवून ताणायचं, काठी मुठीत धरायची, सोडली की पुढे जाते. लांब स्पिअरगन नको, लायनफिश हातभर अंतरावर असतो आणि पाठीमागे कोरल असतं. सोबत लागतो कडक प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा डबा, झूकीपर नावाने मिळतो, त्याच्या तोंडाशी मासा आत जाईल पण बाहेर येणार नाही अशी झडप असते. भाल्यासकट मासा आत घालायचा, भाला मागे ओढायचा, मासा आत राहतो. यामुळे काट्याला हात लावायची वेळच येत नाही. जाळीच्या पिशवीत लायनफिश कधीही घेऊ नकोस, काटे आरपार येतात आणि पिशवी मांडीला घासत असते.

दिवसा ते कपारीत, ओव्हरहँगखाली, बुडालेल्या बोटीत उलटे लटकून बसलेले असतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. हळू जायचं, बाजूने जायचं, डोक्याच्या लगेच मागे नेम धरायचा. नेम पक्का नसेल तर सोडायचा नाही. बहामाजमध्ये असं दिसलंय की ज्या रीफवर सारखी शिकार होते तिथले लायनफिश दिवसा कपारीत आणखी आत लपतात, म्हणजे हुकलेला प्रत्येक नेम पुढच्या डायव्हरचं काम अवघड करतो.

कायद्याचं म्हणशील तर फ्लोरिडात लायनफिशला आकाराची किंवा संख्येची मर्यादा नाही, पोल स्पिअर, हवाईयन स्लिंग (हाही रबराने सोडायचा भाला), हातजाळं किंवा फक्त लायनफिशसाठी बनवलेलं हत्यार असेल तर मासेमारीचं लायसन्सही लागत नाही. पण जिथे भाल्याच्या मासेमारीलाच बंदी आहे, उदाहरणार्थ की लार्गोचं जॉन पेनेकॅम्प पार्क, तिथे आपलं आपण उतरायचं नाही. डायव्हरचा झेंडा लावणं सक्तीचं. नियम बदलत असतात, जायच्या आठवड्यात राज्याच्या मत्स्य-वन्यजीव खात्याच्या साइटवर एकदा बघून घे. पहिल्या वेळी लोकल माहीतगार डायव्हरबरोबरच जा आणि त्या दिवशी तू फक्त डबा धर. हवेवर लक्ष ठेव. कपारीतल्या माशाच्या मागे लागून लोक गेज बघायचं विसरतात, खोली वाढत जाते, आणि या कामात जे खरे अपघात होतात ते काट्याने कमी आणि अशा बेसावधपणाने जास्त होतात.

मारलेला लायनफिश खाता येतो म्हणे. विषारी असून? आम्ही मालवणी माणसं, परदेशात ताजा मासा मिळत नाही म्हणून विचारतोय. आणि काटा लागला तर काय करायचं? (मायामी)

खाता येतो आणि चव चांगली असते. विष मांसात नसतं, ते काट्यांच्या खोबणीत असतं, एकूण १८ काटे, पाठीवर १३, खाली पोटाजवळच्या पंखांना २ आणि मागे शेपटीजवळ ३. बाजूचे मोठे पिसाऱ्यासारखे पंख दिसायला भीतीदायक पण त्यात विष नाही. मासा मेला तरी काटा टोचू शकतो, म्हणून जाड हातमोजे घालून कात्रीने आधी हे १८ काटे कापून टाकायचे, मग नेहमीच्या माशासारखा साफ करायचा. मांस पांढरं, मऊ, वास नाही. त्याला जास्त मसाला सोसत नाही असं माझं मत, हळद, मीठ, थोडं आगळ, अगदी बेताने मालवणी मसाला आणि तांदळाचं पीठ-रवा लावून तव्यावर, बास. तिरफळं घालून आमटीत टाकला तर विरघळून जातो.

बाजारातही येतो, २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या होल फूड्सच्या दुकानांत विकायला सुरुवात झाली. महाग वाटेल कारण प्रत्येक मासा माणसाने पाण्यात उतरून एकेक करून आणलेला असतो. बेलिझमध्ये तर मच्छीमार घरातल्या बाया त्याच्या पंखांचे आणि काट्यांचे दागिने करतात, म्हणजे मासा मांसाला विकला आणि वर पंखांचेही पैसे आले. ही गोष्ट मला मनापासून आवडते, कारण मच्छीमाराला चार पैसे जास्त मिळाले तरच तो लायनफिशच्या मागे जाईल, नाहीतर आपला लॉब्स्टर सोडून कशाला जाईल?

एक सावधगिरी, कॅरिबियनच्या काही भागात रीफवरच्या मोठ्या माशांमध्ये सिग्वाटेरा नावाचं विष साठतं, ते शिजवून जात नाही, चव-वासावरून कळतही नाही. ज्या भागात तिथले लोक ग्रूपर (म्हणजे आपला गोबरा), बाराकुडा असे मोठे मासे खात नाहीत तिथला लायनफिशही खाऊ नका. तिथल्या मच्छीमारांनाच विचारा, त्यांना बरोबर माहिती असतं.

काटा लागला तर दुखतं, खूप दुखतं, सूज येते. पाण्यात असाल तर घाबरून झटकन वर येऊ नका, नेहमीच्या वेगाने वर या. काट्याचा तुकडा दिसत असेल तर काढा आणि ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास. हे विष उष्णतेने निकामी होतं. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हाताने बघू नका, दुसऱ्या चांगल्या हाताने बघा, नाहीतर भाजून घ्याल. बर्फ लावायचा नाही. नंतर डॉक्टरला दाखवाच. श्वास लागला, चक्कर आली, अंगावर पित्त उठलं, तर मात्र गरम पाण्याची वाट न बघता सरळ इमर्जन्सी.

शार्कला किंवा ग्रूपरला मारलेला लायनफिश खायला घालून सवय लावली तर तेच शिकार करतील ना? (नाशिक)

कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि होंडुरासच्या रोआटानला डायव्हर्सनी केलंही. झालं काय, की शार्क आणि ग्रूपर लायनफिशला शोधायला लागण्याऐवजी डायव्हर्सच्या मागे लागायला लागले, कारण खाऊ माणसाच्या हातात असतो हे त्यांना पक्कं कळलं. अशाने डायव्हर्सना चावे बसलेत. म्हणून करू नये. त्यापेक्षा ग्रूपरची बेसुमार मासेमारी थांबवली तर रीफ एकूणच तगडी राहते, आणि बहामाजमध्ये काही मोठ्या ग्रूपरच्या पोटात लायनफिश सापडलेतही.

मी एमएस्सीला आहे, झूलॉजी. भूमध्य समुद्रातही लायनफिश पसरतोय असं वाचलं. तिकडेही टँकमधून सोडले का? (औरंगाबाद)

नाही, तिकडची वाट वेगळी आहे. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला, तेव्हापासून शेकडो जाती तिकडून इकडे आल्यात. लायनफिशची पहिली नोंद इस्रायलच्या किनाऱ्यावर १९९१ ची, पण तेव्हा तो टिकला नाही. २०१२ पासून लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस असा झपाट्याने पसरला. तुझ्या अभ्यासासाठी सांगते, अटलांटिकमध्ये दोन जाती आहेत, टेरॉइस व्हॉलिटान्स आणि टेरॉइस माइल्स, त्यात व्हॉलिटान्स फार जास्त. भूमध्य समुद्रात आला तो माइल्स, हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्राचा. थंडी त्याला सोसत नाही, पाणी १६ अंशांच्या आसपास आलं की खाणं बंद करतो आणि १० ला मरतो. अमेरिकेत उन्हाळ्यात प्रवाहाबरोबर पिल्लं पार न्यूयॉर्कच्या बाजूला वाहत जातात आणि हिवाळ्यात मरतात ती यामुळेच. आता पाणी तापत चाललंय, त्यामुळे तो जगू शकतो ती हद्द उत्तरेकडे सरकेल ही भीती खरी आहे.

सायप्रसमध्ये २०१७ ला रेलायनमेड नावाचा प्रकल्प सुरू झाला. तिथे स्कूबा घालून भाल्याने मासे मारायला एरवी मनाई, पण लायनफिशसाठी शिकवलेल्या डायव्हर्सच्या तुकड्यांना खास परवानगी दिली. बघ, बोनेरला जे केलं तेच. एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर या दोन ठिकाणांची तुलना कर, खूप हाती लागेल. हवाईचाही विषय आहे, तिथे १९५६ मध्ये सरकारनेच रोई नावाचा ग्रूपर मोरेआ बेटावरून आणून सोडला, खायला मिळेल म्हणून, पण सिग्वाटेराच्या भीतीने कुणी खाईना, आणि आता भालेवाले तो मारायला जमतात.

माझ्या ॲक्वेरियममधले दोन सकर मासे फूटभर झालेत, टँक पुरत नाही. दुकानदार म्हणाला तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. सोडू का? (ठाणे)

कृपा करून सोडू नका. हे सकर मासे दक्षिण अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे नद्या-तलावांत लोकांनी असेच सोडून सोडून वाढलेत, अंगावर चिलखतासारखी खवलं असल्यामुळे त्यांना इथे कुणी खात नाही, मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून जाळी फाडतात आणि बाजारात कुणी घेत नाही. चिलापी (तिलापिया) या बाहेरून आलेल्या माशाने उजनीत काय केलं ते तिथल्या जुन्या मच्छीमारांना विचारा. ॲक्वेरियमचं पाणी आणि त्यातली झाडंसुद्धा नाल्यात, तलावात ओतू नका.

दुसरा दुकानदार शोधा, मोठ्या टँकवाले बऱ्याचदा परत घेतात, मासे पाळणाऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर टाका, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला विचारा, एखाद्या सार्वजनिक मत्स्यालयाला विचारा. कुणीच घेईना तर जनावरांच्या डॉक्टरला गाठा, लवंगेच्या तेलाने माशाला आधी भूल देऊन मग शांतपणे मारता येतं, प्रमाण त्यांच्याकडूनच विचारून घ्या. ऐकायला वाईट वाटतं हे मला कळतं, पण तलावात सोडण्यापेक्षा हे बरं. आणि पुढच्या वेळी दुकानात बोटभर पिल्लू आवडलं की आधी विचारा, हा मोठा होऊन केवढा होतो.